सर्व्हरचे घड्याळ पुन्हा पुन्हा ३७ सेकंदांनी का सरकते: कालमानांतील तफावत शोधून ती कायमची दूर करणे

एकाच नेटवर्कमधील काही सर्व्हरची वेळ पीटीपीवरून जुळवलेली असते आणि काहींची एनटीपीवरून; नेटवर्कवरून घड्याळे जुळवण्याच्या या दोन पद्धती आहेत. दोन्ही गटांचे लॉग पाहिले तर प्रत्येक गट आपल्यापुरता व्यवस्थित जुळलेला दिसतो, तरीही एकाच घटनेच्या नोंदी दोन्हीकडे बरोबर ३७ सेकंदांच्या अंतराने उमटलेल्या असतात. व्यवस्थापक मागे पडलेल्या किंवा पुढे गेलेल्या सर्व्हरची वेळ हाताने दुरुस्त करतो. काही काळ सगळे ठीक चालते आणि मग एखादा सर्व्हर पुन्हा सुरू झाला, वेळ देणारे मुख्य उपकरण बदलले किंवा वीज जाऊन परत आली की तोच फरक, तितक्याच सेकंदांचा, पुन्हा समोर येतो.

या लेखात ज्या बिघाडाचा विचार केला आहे त्याची खूण हीच आहे: फरक पूर्ण सेकंदांचा असतो, तो वाढत किंवा कमी होत नाही, आणि जुळवणी करणारा प्रोग्राम मात्र काही नॅनोसेकंदांचीच चूक दाखवत असतो. अशा वेळी केबल, स्विच किंवा नेटवर्कवरील विलंब तपासण्यात वेळ घालवू नये, कारण विलंबामुळे येणारी चूक मायक्रोसेकंदांत किंवा फार तर मिलिसेकंदांत असते आणि ती सतत हलत राहते. स्थिर, पूर्ण सेकंदांची तफावत म्हणजे एका कालमानातील (वेळ मोजण्याच्या एका पद्धतीतील) वेळ दुसऱ्या कालमानातील समजून वापरली गेली आहे, आणि तिचे रूपांतर कोठेतरी राहून गेले आहे किंवा दोनदा झाले आहे. हे ठिकाण सापडेपर्यंत हाताने केलेली प्रत्येक दुरुस्ती तात्पुरतीच ठरते.

हा दोष अनेक महिने लक्षात न येण्याचेही कारण आहे. कर्बेरॉससारखी प्रमाणीकरण व्यवस्था नेहमीच्या मांडणीत ५ मिनिटांपर्यंतचा फरक खपवून घेते, प्रमाणपत्रांच्या मुदती दिवसांत मोजल्या जातात, आणि सर्वसाधारण वापरकर्त्याला अर्ध्या मिनिटाचा फरक जाणवत नाही. पहिली तक्रार बहुधा दोन ठिकाणांहून येते: दर ३० सेकंदांनी बदलणारे एकवेळचे संकेतांक स्वीकारले जात नाहीत म्हणून, किंवा एखाद्या बिघाडाचा तपास करताना दोन यंत्रांच्या नोंदींत आधी काय घडले आणि नंतर काय घडले हे उलटे दिसते म्हणून. विद्युत उपकेंद्रातील संरक्षक रिले, शेअर बाजारातील व्यवहारांच्या नोंदी आणि प्रक्षेपण केंद्रातील उपकरणे यांच्या बाबतीत ही दुसरी तक्रार फार गंभीर असते.

कोणती वेळ कोणत्या कालमानातील

आंतरराष्ट्रीय अणुवेळ, म्हणजे टीएआय, ही जगभरातील अणुघड्याळांच्या सरासरीवरून ठरते आणि तिच्यात कधीही लीप सेकंद घातला जात नाही. यूटीसी, म्हणजे जगभर वापरली जाणारी प्रमाणवेळ, याच सेकंदाने चालते, परंतु पृथ्वीच्या परिवलनाशी मेळ राहावा म्हणून तिच्यात अधूनमधून एक सेकंद, म्हणजे लीप सेकंद, वाढवला जातो. १ जानेवारी १९७२ रोजी यूटीसीचे आजचे स्वरूप लागू झाले तेव्हा ती टीएआयच्या १० सेकंद मागे होती. त्यानंतर २७ लीप सेकंद घातले गेले, त्यामुळे आजचा फरक ३७ सेकंदांचा आहे. शेवटचा लीप सेकंद ३१ डिसेंबर २०१६ च्या अखेरीस घातला गेला. भारतीय प्रमाणवेळ यूटीसीच्या साडेपाच तास पुढे असल्यामुळे आपल्याकडे तो १ जानेवारी २०१७ च्या पहाटे ५ वाजून २९ मिनिटे ५९ सेकंदांनंतर आला.

जीपीएसची वेळ ६ जानेवारी १९८० रोजी यूटीसीशी जुळवून सुरू करण्यात आली आणि त्यानंतर तिच्यात लीप सेकंद घातलेले नाहीत. त्या दिवशी टीएआय आणि यूटीसी यांच्यात १९ सेकंदांचे अंतर होते, म्हणून जीपीएसची वेळ कायम टीएआयच्या १९ सेकंद मागे आणि सध्या यूटीसीच्या १८ सेकंद पुढे असते. युरोपच्या गॅलिलिओचीही तीच स्थिती आहे. भारताच्या ‘नाविक’ या उपग्रह प्रणालीची गणना २२ ऑगस्ट १९९९ पासून सुरू होते, परंतु ती सुरू करताना तेव्हाचा जीपीएस आणि यूटीसी यांच्यातील १३ सेकंदांचा फरक धरलेला असल्याने तीही आज यूटीसीच्या १८ सेकंद पुढेच आहे. चीनची बैदू प्रणाली १ जानेवारी २००६ पासून मोजते आणि यूटीसीच्या ४ सेकंद पुढे चालते. रशियाची ग्लोनास मात्र लीप सेकंद पाळते, त्यामुळे तिथे मॉस्कोचे तीन तास वजा केले की थेट यूटीसी मिळते.

आता नेटवर्ककडे वळू. एनटीपी यूटीसी वाहून नेते, आणि लिनक्स किंवा युनिक्सचे नेहमीचे सिस्टीम घड्याळही यूटीसीवरच चालते. पीटीपीचे स्वतःचे कालमान मात्र टीएआय आहे आणि त्याची गणना १ जानेवारी १९७० पासून होते. यूटीसी काढण्यासाठी किती सेकंद वजा करायचे हे ग्रँडमास्टर (नेटवर्कला वेळ देणारे मुख्य उपकरण) आपल्या अनाउन्स संदेशातून वेगळे कळवतो, आणि त्याच संदेशात आणखी दोन ध्वज, म्हणजे हो किंवा नाही सांगणाऱ्या खुणा, असतात: मी पीटीपीचे कालमान देत आहे काय, आणि मी सांगितलेला यूटीसीचा फरक विश्वासार्ह आहे काय. पीटीपीत ग्रँडमास्टरला ‘स्वैर’ कालमान वापरण्याचीही मुभा आहे. अशा वेळी तो हवी ती वेळ देऊ शकतो, आणि प्रत्यक्षात ती बहुधा यूटीसीच असते. बहुतेक घोटाळ्यांचे मूळ याच मुभेत आहे, कारण दोन्ही प्रकारचे पॅकेट दिसायला सारखेच असतात आणि फरक केवळ त्या एका ध्वजाचा असतो.

आधी फरकाचा आकडा आणि दिशा पाहावी

तपासाची सुरुवात कोणताही प्रोग्राम न थांबवता करावी. तुलनेसाठी या नेटवर्कच्या पीटीपीवर अवलंबून नसलेला यूटीसीचा स्रोत हवा. भारतात दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळेचे किंवा राष्ट्रीय माहिती विज्ञान केंद्राचे (एनआयसी) एनटीपी सर्व्हर वापरणे योग्य आहे. सर्ट-इन या सरकारी सायबरसुरक्षा संस्थेच्या एप्रिल २०२२ च्या निर्देशानुसार सेवापुरवठादार, डेटा सेंटर आणि कंपन्या यांनी आपली घड्याळे याच सर्व्हरशी, किंवा त्यांच्याशी जोडल्या गेलेल्या सर्व्हरशी, जुळवणे अपेक्षितच आहे. क्रोनी हा एनटीपीचा प्रोग्राम बसवलेला असेल तर त्याच्या क्रोनीडी या सेवेला मोठ्या ‘क्यू’चा पर्याय देऊन चालवावे: तो फरक मोजून दाखवतो आणि घड्याळाला हात लावत नाही. छोट्या ‘क्यू’चा पर्याय घड्याळ बदलतो, तेव्हा हा फरक लक्षात ठेवावा.

मिळालेला आकडा आणि त्याची दिशा यांवरून दोषाची जागा बरीच कळते. घड्याळ ३७ सेकंद पुढे असेल तर टीएआयमधून काहीही वजा न होता ती तशीच सिस्टीम घड्याळात उतरली आहे. ते ३७ सेकंद मागे असेल तर जी वेळ मुळातच यूटीसी होती तिच्यातून ३७ वजा झाले आहेत. ७४ सेकंद पुढे म्हणजे वजाबाकीच्या जागी बेरीज झाली. १८ सेकंद पुढे म्हणजे जीपीएसची कच्ची वेळ यूटीसी म्हणून वापरली गेली. १९ सेकंद मागे हा आकडा थोडा फसवा आहे: इथे ग्रँडमास्टरने जीपीएसची वेळ टीएआय म्हणून पुढे पाठवली आणि ग्राहकाने, म्हणजे वेळ घेणाऱ्या सर्व्हरने, त्यातून नियमाप्रमाणे ३७ वजा केले. १ किंवा २ सेकंद पुढे असणे म्हणजे कोठेतरी लीप सेकंदांची जुनी यादी वापरात आहे.

मोठे आकडेही असेच ओळखीचे आहेत. १९,८०० सेकंद म्हणजे साडेपाच तास. याचा अर्थ मदरबोर्डवरील घड्याळात यूटीसीऐवजी भारतीय प्रमाणवेळ लिहिली गेली आहे, आणि ज्या संगणकावर विंडोज आणि लिनक्स दोन्ही असतात तिथे हे नेहमी घडते. जीपीएस घेणाऱ्या जुन्या उपकरणाने एकदम १,०२४ आठवडे मागची तारीख दाखवली तर त्याचा आठवड्यांचा गणक पुन्हा शून्यावर गेला आहे. असे ऑगस्ट १९९९ आणि एप्रिल २०१९ मध्ये झाले होते. दोन दोष एकत्रही येतात. ५ तास ३० मिनिटे ३७ सेकंद असा फरक दिसला तर तो एकच विचित्र दोष मानू नये. ते दोन वेगळे दोष आहेत आणि त्यांची दुरुस्ती वेगवेगळीच करावी लागते.

मुख्य कारण: दोन ग्रँडमास्टर, दोन कालमाने

फरक येतो आणि आपोआप जातो, पुन्हा काही आठवड्यांनी येतो, असे वर्णन ऐकले की मी सर्वप्रथम राखीव ग्रँडमास्टरची चौकशी करतो. नेहमीची रचना अशी असते की, एक जीपीएसवर चालणारे मुख्य उपकरण टीएआय देत असते आणि ते बंद पडले तर वेळ मिळत राहावी म्हणून एखाद्या साध्या लिनक्स सर्व्हरवर पीटीपी४एल हा पीटीपीचा प्रोग्राम चालू करून ठेवलेला असतो. पीटीपी४एल जेव्हा सॉफ्टवेअरच्या वेळशिक्क्यांवर (पॅकेटला लावलेल्या वेळेच्या नोंदींवर) ग्रँडमास्टर म्हणून चालतो, तेव्हा तो स्वैर कालमान जाहीर करतो आणि प्रत्यक्षात यूटीसी देतो. हार्डवेअरच्या वेळशिक्क्यांवर चालताना मात्र तो पीटीपीचे कालमान जाहीर करतो. मुख्य उपकरण काही कारणाने मागे हटले की निवडप्रक्रिया राखीव सर्व्हरला ग्रँडमास्टर करते, आणि त्या क्षणी नेटवर्कमधून वाहणारी वेळ टीएआयऐवजी यूटीसी होते.

ग्राहक सर्व्हरवर नेटवर्क कार्डावरील घड्याळातून सिस्टीम घड्याळ जुळवण्याचे काम पीएचसी२सिस करतो. त्याला मोठ्या ‘ओ’च्या पर्यायाने उणे ३७ हा आकडा कायमचा लिहून दिलेला असेल, तर नेटवर्कवर काय बदलले याची त्याला कल्पनाच नसते, तो आता यूटीसीमधूनही ३७ वजा करत राहतो आणि सगळे सर्व्हर ३७ सेकंद मागे जातात. मुख्य उपकरण परत आले की सर्व काही जागेवर येते, त्यामुळे तक्रार आल्यानंतर तपासायला बसलेल्या माणसाला काहीच चुकीचे दिसत नाही. हाताने लिहिलेला ३७ हा आकडा अनेक जुन्या मांडण्यांत सापडतो, आणि तो लिहिणाऱ्याने त्या वेळची गरज बरोबर ओळखलेली असते. परंतु हा आकडा ग्रँडमास्टरवर अवलंबून असल्यामुळे तो ग्राहकाच्या मांडणीत कायमचा लिहिणे योग्य नाही.

ग्राहकाकडील दुरुस्ती सोपी आहे. पीएचसी२सिसला स्वयंचलित पद्धतीने, म्हणजे छोट्या ‘ए’ आणि छोट्या ‘आर’च्या पर्यायांसह, किंवा कार्ड हाताने नेमायचे असेल तर छोट्या ‘डब्ल्यू’च्या पर्यायासह चालवावे आणि मोठा ‘ओ’ पूर्ण काढून टाकावा. मग तो पीटीपी४एलकडून ध्वज आणि फरक दोन्ही वाचतो: कालमान पीटीपीचे असेल तर कळवलेला फरक वजा करतो, स्वैर असेल तर काहीच वजा करत नाही.

तथापि एवढ्यावर थांबू नये. ग्रँडमास्टर बदलताना कार्डावरील घड्याळालाच ३७ सेकंदांची उडी मारावी लागते, आणि पीटीपी४एल नेहमीच्या मांडणीत सुरुवातीची जुळवणी सोडली तर नंतर उडी मारत नाही. तो घड्याळाचा वेग बदलून हा फरक हळूहळू भरून काढतो, आणि कार्डाच्या मर्यादेनुसार त्याला बराच वेळ लागू शकतो. त्या संपूर्ण काळात सर्व्हर चुकीची वेळ दाखवतात. म्हणून खरी दुरुस्ती राखीव ग्रँडमास्टरवर करावी लागते: दोन्ही ग्रँडमास्टरनी एकच कालमान, म्हणजे टीएआय, दिले पाहिजे.

यासाठी राखीव सर्व्हरवर हार्डवेअरचे वेळशिक्के देणारे कार्ड वापरावे, तेथील सिस्टीम घड्याळ एनटीपीवरून यूटीसीशी जुळवावे, आणि पीएचसी२सिसला छोटा ‘आर’ दोनदा देऊन चालवावे, म्हणजे हा सर्व्हर ग्रँडमास्टर असताना सिस्टीम घड्याळातून कार्डाकडे वेळ जाते आणि जाताना तिच्यात ३७ मिळवले जातात. इथे एक धोका आहे. अनेक कार्डांचे ड्रायव्हर यंत्र सुरू होताना कार्डाच्या घड्याळात सिस्टीमची वेळ, म्हणजे यूटीसी, भरतात. पीटीपी४एल हार्डवेअरच्या वेळशिक्क्यांवर सुरू झाला पण पीएचसी२सिस सुरू झालाच नाही, तर ध्वज टीएआय सांगतो आणि पॅकेटमध्ये यूटीसी असते. सर्व ग्राहक नियमाप्रमाणे वागूनही ३७ सेकंद मागे पडतात. सर्व्हर पुन्हा सुरू झाल्यावरच दोष दिसत असेल तर दोन्ही सेवा सुरू झाल्या आहेत काय आणि कोणत्या क्रमाने, हे आधी पाहावे.

ध्वजांची स्थिती पाहण्यासाठी पीएमसी हे साधन आहे. त्याच्याकडून वेळेच्या गुणधर्मांचा संच मागवला की चालू यूटीसी फरक, तो वैध आहे की नाही, कालमान पीटीपीचे आहे की नाही आणि वेळ प्रमाणित स्रोतापर्यंत जोडलेली आहे की नाही, हे सगळे एकत्र दिसते. ग्राहकावर आणि ग्रँडमास्टरवर दोन्हीकडे ते पाहावे, कारण मध्ये बाउंडरी क्लॉक म्हणून (वेळ घेऊन पुढे देण्याचे) काम करणारा स्विच असेल तर त्याने ही माहिती पुढे नीट पाठवली आहे काय याचीही खात्री करावी लागते. लिनक्स सर्व्हर ग्रँडमास्टर असेल तर त्याच्या सुरुवातीच्या मांडणीत ‘फरक वैध’ हा ध्वज बंद असतो. पीएमसीने ग्रँडमास्टरची मांडणी बदलून तो चालू करता येतो, परंतु हा बदल पीटीपी४एल पुन्हा सुरू होताच पुसला जातो. त्यामुळे ही आज्ञा सेवा सुरू झाल्यानंतर आपोआप चालेल अशी सिस्टीमडी या लिनक्समधील सेवा चालवणाऱ्या व्यवस्थेच्या मांडणीत लिहून ठेवावी. मी पाहिलेल्या ‘पुन्हा पुन्हा येणाऱ्या’ दोषांपैकी बरेच दोष या एका पुसल्या जाणाऱ्या आज्ञेमुळेच परत येत होते.

वीज गेल्यानंतर काही मिनिटे येणारा फरक

याची लक्षणे वेगळी आहेत. वीज जाऊन आली की सर्व सर्व्हर एक, दोन किंवा तीन सेकंद पुढे जातात आणि दहा-बारा मिनिटांनी एकदम जागेवर येतात. कारण जीपीएस रिसीव्हरमध्ये आहे. जीपीएसच्या मूळ संदेशात यूटीसी काढण्यासाठी लागणारा लीप सेकंदांचा आकडा असतो, परंतु तो सतत पाठवला जात नाही. संपूर्ण संदेश पूर्ण व्हायला साडेबारा मिनिटे लागतात आणि हा आकडा त्यात एकदाच येतो. स्मृती पुसलेल्या अवस्थेत सुरू झालेला रिसीव्हर उपग्रह सापडल्यावर लगेच वेळ देऊ लागतो, पण खरा आकडा मिळेपर्यंत फर्मवेअरमध्ये लिहिलेला जुना आकडा वापरतो. जुलै २०१५ ते डिसेंबर २०१६ या काळातील फर्मवेअरमध्ये तो १७ असेल आणि घड्याळ १ सेकंद पुढे जाईल. जुलै २०१२ नंतरच्या फर्मवेअरमध्ये १६ असेल तर २ सेकंद. त्याआधीच्या १५ मुळे ३ सेकंद.

उपाय तीन आहेत आणि शक्य असेल तर तिन्ही करावेत. रिसीव्हरच्या स्मृतीला आधार देणारी छोटी बॅटरी संपली असेल तर बदलावी, कारण ती चालू असेल तर आकडा जपला जातो. फर्मवेअर अद्ययावत करावे. आणि लीप सेकंदांचा आकडा उपग्रहाकडून प्रत्यक्ष मिळाल्याची खूण रिसीव्हर देत असेल, तर ती खूण येईपर्यंत ग्रँडमास्टरने स्वतःला अचूक म्हणवू नये अशी मांडणी करावी. महाराष्ट्रात जिथे पावसाळ्यात वीज वारंवार जाते, तिथे या उपकरणाला स्वतंत्र यूपीएस देणे हा खर्च मला अनाठायी वाटत नाही.

आभासी यंत्रांतील सारख्या नावाचे घड्याळ

केव्हीएम या लिनक्सच्या व्यवस्थेवरील आभासी यंत्रात यजमानाची, म्हणजे ते चालवणाऱ्या मूळ संगणकाची, वेळ देणारे एक आभासी पीटीपी उपकरण असते. त्याच्या नावात पीटीपी असले तरी ते यजमानाचे सिस्टीम घड्याळ, म्हणजे यूटीसी, दाखवते. मायक्रोसॉफ्टच्या हायपर-व्हीवरील उपकरणाचेही तसेच. इथे सवयीने ३७ वजा केले की घड्याळ मागे जाते. याच यंत्राला खरे नेटवर्क कार्डही थेट जोडलेले असेल तर दोन पीटीपी उपकरणे तयार होतात, आणि कोणते शून्य क्रमांकाचे आणि कोणते एक क्रमांकाचे हे ड्रायव्हर ज्या क्रमाने सुरू होतात त्यावर ठरते. यंत्र पुन्हा सुरू झाल्यावर क्रमांक अदलाबदल होतात आणि मांडणीत काहीही बदल न करता वेळ ३७ सेकंदांनी सरकते. मांडणीत कधीही केवळ क्रमांक लिहू नये. सिस्टीमच्या पीटीपी फोल्डरमध्ये प्रत्येक उपकरणाचे घड्याळ-नाव वाचता येते. त्या नावावरून यूडेव्हचा (लिनक्समध्ये उपकरणांची नावे सांभाळणाऱ्या व्यवस्थेचा) नियम करून स्थिर दुवा तयार करावा आणि तोच दुवा वापरावा.

एका घड्याळावर दोन हात

वेळ कधी पुढे, कधी बरोबर, पुन्हा पुढे अशी करवतीच्या दातांसारखी हलत असेल तर सिस्टीम घड्याळ दोन प्रोग्राम चालवत आहेत. एकीकडे पीएचसी२सिस आणि दुसरीकडे क्रोनी किंवा सिस्टीमडीची वेळसेवा अशी जोडी बहुधा सापडते. दोघांपैकी एकालाच ठेवावे. दोन्ही स्रोत हवे असतील तर लिनक्सपीटीपीसोबत (पीटीपी४एल ज्या संचात येतो त्यासोबत) येणारा टाइममास्टर वापरावा, किंवा कार्डाचे घड्याळ क्रोनीलाच संदर्भ-घड्याळ म्हणून द्यावे आणि त्याला ‘टीएआय’ हा पर्याय लावावा, म्हणजे रूपांतर क्रोनी स्वतः करतो.

क्रोनीला हे रूपांतर करण्यासाठी लीप सेकंदांची माहिती लागते. पूर्वी ती वेळक्षेत्रांच्या पॅकेजमधील ‘राइट’ फोल्डरमधून घेतली जात असे, परंतु काही लिनक्स वितरणांनी तो फोल्डर मुख्य पॅकेजमधून काढून टाकला आहे. त्यामुळे सिस्टीम अद्ययावत केल्यानंतर क्रोनीच्या लॉगमध्ये हे वेळक्षेत्र तपासणीत उतरले नाही अशी नोंद येऊ लागते. क्रोनीच्या ४.६ आणि त्यापुढील आवृत्तीत लीप सेकंदांची यादी असलेली फाइल थेट देता येते. तीच पद्धत स्वीकारावी.

जुन्या याद्या

यादीचा प्रश्न थोडक्यात सांगता येतो. लिनक्सपीटीपीच्या जुन्या आवृत्त्यांत ३५ किंवा ३६ हा आकडा आतच लिहिलेला होता, आणि औद्योगिक उपकरणांत अशा आवृत्त्या अजून चालू असतात. ग्रँडमास्टर वैध आणि प्रमाणित स्रोताशी जोडलेला फरक कळवत असेल तर ग्राहकाचा जुना आकडा वापरला जात नाही. ग्रँडमास्टरच जुना असेल तर मात्र सर्व नेटवर्क १ किंवा २ सेकंद पुढे जाते. लीप सेकंदांच्या फाइलला मुदत असते आणि नवा लीप सेकंद नसला तरी ती मुदत वर्षभरात संपते, म्हणून ती वर्षातून दोनदा आपोआप बदलली जाईल अशी सोय हवी. २०१७ नंतर लीप सेकंद आलेला नाही आणि २०३५ पर्यंत ही पद्धत बदलण्याचा ठराव नोव्हेंबर २०२२ मध्ये वजन-मापांच्या आंतरराष्ट्रीय परिषदेने केला आहे, पण त्यामुळे ३७ चा आकडा नाहीसा होणार नाही. टीएआय आणि यूटीसी यांच्यातील आजवरचे अंतर तसेच राहील आणि रूपांतर करावेच लागेल.

कर्नलमधील (लिनक्सच्या गाभ्यातील) टीएआय घड्याळाबाबतही हेच लक्षात ठेवावे. लिनक्समध्ये ते उपलब्ध असते, परंतु त्याला फरक कोणी कळवला नाही तर तो शून्य राहतो आणि ते घड्याळ चक्क यूटीसीच दाखवते. ठरलेल्या क्षणी पॅकेट सोडणारी मांडणी या घड्याळावर चालत असेल तर तिचे वेळापत्रक ३७ सेकंदांनी चुकते. एनटीपीटाइम ही आज्ञा सध्याचा टीएआय फरक दाखवते. तिथे ० दिसले तर एनटीपीडीला किंवा क्रोनीला लीप सेकंदांची यादी दिलेली नाही असे समजावे.

दुरुस्तीनंतरची तपासणी

वेळ आत्ता बरोबर दिसते एवढ्यावर समाधान मानू नये, कारण हा दोष बदलाच्या क्षणी परत येतो. कामाचा ताण नसलेल्या वेळी मुख्य ग्रँडमास्टरचे नेटवर्क मुद्दाम तोडून राखीव ग्रँडमास्टरवर सर्व यंत्रणा नेऊन पाहावी आणि मग परत आणावी. ग्रँडमास्टर आणि एक ग्राहक पूर्ण बंद करून सुरू करावेत. जीपीएस रिसीव्हरची वीज त्याची बॅटरी काढून बंद करावी आणि पहिली पंधरा मिनिटे घड्याळाकडे लक्ष ठेवावे. प्रत्येक वेळी पीएमसीचे ध्वज आणि स्वतंत्र एनटीपी स्रोताशी असलेला फरक लिहून ठेवावा.

हा स्वतंत्र स्रोत कायमचा ठेवावा अशी माझी आग्रहाची सूचना आहे. क्रोनीत एखादा सर्व्हर ‘नोसिलेक्ट’ या पर्यायासह लिहिला तर क्रोनी त्याच्याशी फरक मोजत राहतो, पण त्यावरून घड्याळ जुळवत नाही. सिस्टीम घड्याळ पीएचसी२सिस चालवत असेल तर क्रोनीडीला छोट्या ‘एक्स’चा पर्यायही द्यावा, म्हणजे तो घड्याळाला स्पर्शच करणार नाही. क्रोनीच्या स्रोतांच्या यादीत फरक धन दिसला तर आपले घड्याळ पुढे आहे असे समजावे. हा फरक अर्ध्या सेकंदाच्या वर गेला की इशारा मिळावा अशी निगराणी बसवावी. पीटीपीचा स्वतःचा फरक पाहणारी निगराणी इथे उपयोगाची नाही, कारण कालमान चुकलेले असतानाही ती शून्याच्या जवळच राहते.

एक प्रसंग मात्र दुरुस्त करण्याचा नाही. कार्डाच्या हार्डवेअर वेळशिक्क्यांसह पॅकेट पकडले तर त्यांच्यावरील वेळ सिस्टीम घड्याळाच्या ३७ सेकंद पुढे दिसते. कार्डाचे घड्याळ टीएआयवर असल्यामुळे ते तसेच दिसायला हवे. अशा नोंदी इतर लॉगशी जुळवताना वाचणाऱ्या प्रोग्राममध्ये ३७ वजा करावेत आणि घड्याळाला हात लावू नये.